शब्दचर्चा : 'प्रोफेशनल कोच'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
कंपनीतल्या विभागप्रमुखांसाठी बाहेरून कोच नेमायचे आहेत. त्याच्या मराठी परिपत्रकासाठी 'व्यावसायिक प्रशिक्षक' हा शब्द सुचवला गेला आहे. कानाला खटकतो, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. 'मार्गदर्शक' बरा, की 'कोच' तसाच ठेवावा?

प्रतिसाद १
तो शब्द दोन्ही पायांनी लंगडा आहे. 'व्यावसायिक' म्हटलं की मराठी माणसाला आयटीआय किंवा धंदा आठवतो. 'प्रशिक्षक' म्हटलं की मैदान, शिट्टी आणि सकाळी सहाचा सराव. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५पासून दिला जातो तो अशाच प्रशिक्षकांना. रमाकांत आचरेकरांना तो १९९० साली मिळाला. आता गंमत बघा, त्यांना मुलं ना 'प्रशिक्षक' म्हणत ना 'कोच'. म्हणत 'सर'. तालमीत हाच माणूस 'वस्ताद' होतो. म्हणजे छापील शब्द एक आणि हाक मारायचा दुसरा, ही फारकत जुनीच आहे.

मुख्य अडचण 'शिक्ष्' या धातूची. प्रशिक्षक शिकवतो. कंपनीतला कोच शिकवत नाही, प्रश्न विचारून समोरच्याकडूनच उत्तर काढून घेतो. कारखान्याच्या उत्पादनप्रमुखाला उत्पादनातलं कोचपेक्षा कितीतरी जास्त कळतं, आणि तसं असायला हरकतही नसते.

'मार्गदर्शक'ही नको. मार्ग ज्याला ठाऊक आहे तो तो दाखवतो. इथे मार्ग समोरच्यानेच शोधायचा असतो.

प्रतिसाद २
थोडी व्युत्पत्ती. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. तिथे पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्या बनत. गावावरून गाडीला नाव पडलं आणि ते युरोपभर पसरलं. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून 'ओढून नेणाऱ्या' खासगी शिक्षकाला थट्टेने कोच म्हणू लागले. तिथून तो शब्द वल्हवण्याच्या शर्यतींत आणि मग सगळ्याच खेळांत गेला. आपल्याकडे तो आधी गाडीबरोबर आला, म्हणून 'कोचमन', 'कोचवान'. दिवाणखान्यातला 'कोच' मात्र निराळ्या कुळातला. त्याचं मूळ 'आडवं होणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. देवनागरीत दोघांचं लेखन एक झालं, इतकंच.

मराठीने त्यांना वेगळं ठेवलंय ते सामान्यरूपात. बसायचा जुना, मुरलेला शब्द : 'कोचावर लवंडला'. रेल्वेचा : 'कोचमध्ये चढला'. माणूस : 'कोचने सांगितलं', आदरार्थी 'कोचनी सांगितलं'. 'कोचाने सांगितलं' असं कुणी म्हणत नाही. म्हणजे माणूस या अर्थी शब्द अजून पाहुणाच आहे.

प्रतिसाद ३
'कोचिंग'चं काय? आपल्याकडे या शब्दावर शिकवणीवाल्यांचा कब्जा आहे. लातूर असो की कोटा, कोचिंग म्हणजे नीट-जेईई. केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या (१६ वर्षांखालच्यांना प्रवेश देऊ नये वगैरे), त्याही क्लासेसबद्दलच. त्यामुळे परिपत्रकात नुसतं 'कोचिंग' लिहिलंत तर निम्मे लोक विचारतील, परीक्षा कसली?

शिवाय 'घेणे'चा घोळ. 'त्या कोचिंग घेतात' म्हणजे देतात की त्यांना मिळतं? मराठीत 'क्लास घेणे' हे शिकवणाऱ्याचं काम. शिकणारा क्लास 'लावतो'. 'कोचिंग घेणे' दोघांनाही वापरलं जातं. परिपत्रकात 'कोच म्हणून काम करणे' आणि 'कोचबरोबर काम करणे' असे दोन सरळ प्रयोग ठेवा, गोंधळ मिटेल. ज्याला कोच मिळतो त्याच्यासाठी मात्र शब्दच नाही. 'अशील' वकिलाचं, 'ग्राहक' दुकानाचं, 'शिष्य' फारच झालं. इंग्रजीतला 'coachee' देवनागरीत 'कोची' होतो आणि वाचणारा थेट केरळात पोचतो. 'सहभागी अधिकारी' म्हणा.

प्रतिसाद ४
शब्द ठरवण्याआधी क्रियापद ठरवावं. नेमलेला माणूस मुख्यतः काय करणार?

शिकवणार असेल तर प्रशिक्षक. स्वतः अभ्यासून 'असं करा' असं सांगणार असेल तर सल्लागार. त्याच वाटेवरून आधी गेलेला असेल आणि अनुभव देणार असेल तर मेंटॉर (ग्रीक महाकाव्यात ओडिसियसने ज्याच्यावर घर सोपवलं त्या म्हाताऱ्याचं नाव). मनाची जखम बरी करणार असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोचला भारतात कुठलाच परवाना लागत नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो. आणि जो प्रश्न विचारतो, उत्तर काढून घेतो, ठरलेलं झालं का ते पुढच्या बैठकीत पाहतो, तो कोच.

एकच तक्रार पाचही जणांकडे न्या. 'माझे हाताखालचे लोक निर्णयच घेत नाहीत.' प्रशिक्षक दोन दिवसांची कार्यशाळा ठेवेल. सल्लागार अधिकारांचा तक्ता बनवून देईल. मेंटॉर आपण काय केलं होतं ते सांगेल. समुपदेशक विचारेल, यामुळे झोप उडते का, कधीपासून? कोच विचारेल, 'मागच्या महिन्यात त्यांनी घेतलेला कोणता निर्णय तुम्ही फिरवलात?' पाचही कामं मोलाची आहेत. घोटाळा होतो तो एकाच्या पाटीखाली दुसरं विकलं जातं तेव्हा. निवृत्त अधिकारी 'एक्झिक्युटिव्ह कोच' म्हणून येतात आणि तासभर स्वतःच्या कारकिर्दीबद्दल बोलतात, हा सगळ्यात नेहमीचा प्रकार.

प्रश्नकर्ता
क्रियापदाचं पटलं. पण आलेल्या अर्जांत सगळेच 'सर्टिफाइड', 'आयसीएफ' लिहितात. त्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा?

प्रतिसाद ४
तिथे तीन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दात कोंबलेल्या असतात. आयसीएफ म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, १९९५ साली अमेरिकेत स्थापन झालेली कोच लोकांची संघटना. 'आयसीएफ सदस्य' म्हणजे वर्गणी भरून घेतलेलं सदस्यत्व, ती कौशल्याची पायरी नव्हे. 'आयसीएफमान्य अभ्यासक्रम पूर्ण' म्हणजे वर्गात बसून प्रमाणपत्र मिळवलं. तिसरी गोष्ट संघटना देते ती श्रेणी, चढत्या क्रमाने : एसीसी (असोसिएट), पीसीसी (प्रोफेशनल), एमसीसी (मास्टर). एसीसीला किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २५००. श्रेणीचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणून 'कुठली श्रेणी, कधीपर्यंत वैध?' एवढंच विचारा आणि संघटनेच्या संकेतस्थळावर नाव पडताळा. दोन दिवसांच्या शिबिरानंतर मिळालेलं 'मास्टर कोच' भिंतीवर छान दिसतं.

श्रेणी म्हणजे किमान तयारी. नातं जुळेल की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक अधिकाऱ्याला दोन-तीन कोचबरोबर अर्ध्या तासाची ओळखबैठक द्या. ('केमिस्ट्री सेशन'ला 'ओळखबैठक' चालावं.) अधिकाऱ्याने खरा, चालू प्रश्न घेऊन जावं आणि बोलणं कोण किती करतंय ते पाहावं. कोच निम्म्याहून जास्त वेळ बोलला तर तो सल्लागार समजा. आणखी दोन प्रश्न विचारा : 'तुम्ही कुठलं काम नाकारता?' आणि 'तुमचं काम कोण तपासतं?' दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो माणूस आपल्या चुका एकट्यानेच झाकतोय. 'तीन महिन्यांत बढतीची हमी' देणारा तिथेच बाद.

प्रतिसाद १
करारात काय असावं हेही सांगा. शब्दांची खरी कसोटी तिथे लागते.

प्रतिसाद ४
साधारण सहा महिने, ६ ते १२ बैठका, प्रत्येक ६० ते ९० मिनिटांची, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. फी बैठकीमागे की एकत्र, आणि १८ टक्के जीएसटी धरून की वर? ऐनवेळी रद्द झालेल्या बैठकीचे पैसे किती? दोन बैठकांनंतर जमलं नाही तर कोच बदलता येईल का? ध्येय एक-दोनच असावीत आणि तिसऱ्याला दिसतील अशी : 'आत्मविश्वास वाढवणे' नको, 'आठवड्याच्या आढाव्यात सहकाऱ्यांना आधी बोलू देणे' चालेल.

गोपनीयतेचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. पैसे कंपनी देते, बोलतो अधिकारी. ध्येयं सुरुवातीला कोच, अधिकारी आणि त्याचा साहेब यांनी एकत्र बसून ठरवावीत. नंतर एचआरला फक्त बैठक झाली की नाही एवढंच कळावं. आत काय बोललं गेलं ते नाही. हे लिहून नसेल तर दुसऱ्या बैठकीपासून अधिकारी हवापाण्यावर बोलू लागतो आणि सहा महिने फुकट जातात.

आणि नावं साहेबांनी परस्पर काढू नयेत. 'तुम्हाला कोच लावलाय' हे वाक्य ऐकणाऱ्याला शिक्षेसारखंच लागतं.

प्रतिसाद ३
क्लास 'लावतात' तसा कोच 'लावला'. आणि क्लास बहुधा कच्च्या मुलाला लावतात! परिपत्रकात 'लावणे' कुठेच नको. 'कोचची निवड करता येईल' लिहा.

प्रश्नकर्ता
मग मसुदा असा : 'इच्छुक विभागप्रमुखांना कार्यविकासासाठी बाहेरील कोचची निवड करता येईल. कोच प्रशिक्षण किंवा सल्ला देणार नाहीत. ते प्रश्नांच्या आधारे सहभागी अधिकाऱ्यास स्वतःची दिशा ठरवण्यास मदत करतील. बैठकांतील संभाषण गोपनीय राहील. दर दोन महिन्यांनी प्रगती अहवाल सादर केला जाईल.'

प्रतिसाद २
'कोच' तसाच ठेवलात आणि पुढच्याच वाक्यात उलगडलात, हे छान. 'अधिकाऱ्यास'ऐवजी 'अधिकाऱ्याला' करा, उगाच सरकारी वाटतं.

प्रतिसाद ४
शेवटच्या वाक्यात कर्ता नाही. वाचणारा समजेल की अहवाल कोच देणार, आणि आधीच्या वाक्यातली गोपनीयता तिथेच मेली. 'सहभागी अधिकारी स्वतः आपल्या वरिष्ठांना ठरलेल्या ध्येयांबाबतची प्रगती सांगतील' असं करा. 'अहवाल' शब्दच काढून टाका.