रटगर्सचा हिशेब मैदानावर नको

‘रटगर्स सारखं हरतं, मग बिग टेनने घेतलंच कशाला?’ रटगर्स म्हणजे न्यू जर्सीचं विद्यापीठ, बिग टेन म्हणजे अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंघांचा गट; आणि या प्रश्नाचं उत्तर केबलच्या बिलात आहे. 2014 मध्ये रटगर्स आणि मेरीलँड ही विद्यापीठं आल्यावर न्यू जर्सी-न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन-बाल्टिमोर हे पट्टे बिग टेन नेटवर्क या गटाच्या टीव्ही वाहिनीसाठी ‘घरचे’ झाले. घरच्या बाजारात वाहिनीला दर केबल-ग्राहकामागे महिन्याला डॉलरच्या आसपास, बाहेर काही सेंट. शिवाय सामना न बघणाराही पैसे भरतोच! लोक केबल तोडू लागले आणि गणित फिरलं. आता प्रत्यक्ष प्रेक्षक मोजतात. म्हणून 2024 मध्ये ओरेगन विद्यापीठ बिग टेनमध्ये आलं, तेही सुरुवातीला टीव्हीच्या पैशातल्या कमी वाट्यावर. जुना हिशेब मात्र पुरता बुडालेला नाही: टेक्सासमधल्या डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने एसीसी या दुसऱ्या गटात शिरायला नऊ वर्षांच्या टीव्ही-वाट्यावर पाणी सोडलं, आणि एसीसी नेटवर्क या त्या गटाच्या वाहिनीला टेक्सास घरचं झालं.