बाप्तिस्मा घेतला म्हणजे तारण झालं, असं नाही

"बाप्तिस्मा (ख्रिस्ती लोकांचा पाण्याने होणारा दीक्षाविधी) घेतला की पापं धुतली जातात" असं काही जण म्हणतात, पण इव्हँजेलिकल लोक (बायबल आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणारे प्रोटेस्टंट) नेमकं याच्या उलट मानतात. तारण (म्हणजे पापातून सुटका) देवाच्या कृपेने आणि विश्वासाने, बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात आहेच की, आणि पाणी नंतर, जे आत घडलं त्याची चारचौघांत साक्ष म्हणून. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला तो चोर बघा ना, त्याला कुठे बाप्तिस्मा मिळाला? तरी येशूने त्याला सुखलोकाचं वचन दिलंच!

आता शिंपडायचं की बुडवायचं, तान्ह्या बाळाला द्यायचा की नाही यावर आपसातच भांडणं आहेत, बॅप्टिस्ट-पेंटेकॉस्टल पंथवाले बुडवल्याशिवाय ऐकत नाहीत. पण १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (अनेक प्रोटेस्टंट पंथांचं एकत्र चर्च) झालं तेव्हा बॅप्टिस्टपण त्यात आले आणि बाळाला आणि मोठेपणी बाप्तिस्मा देण्याच्या दोन्ही पद्धती चालू राहिल्या, म्हणजे जमवायचं म्हटलं तर जमतं.

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीचंही तसंच, भाकर आणि द्राक्षरस येशूच्या मरणाची आठवण म्हणून. बऱ्याच ठिकाणी वाईन नसतेच, साधा रस असतो, १८६९ मध्ये अमेरिकेत वेल्च नावाच्या मेथडिस्ट डेंटिस्टने न आंबणारा रस काढला तो खास यासाठीच (दारूबंदीवाला गडी होता).