नांदूर मध्यमेश्वर: वडिलांना न्यायचंय, आणि हा विटकरी पक्षी कोणता?

गोदाकाठची: नमस्कार मंडळी. येत्या रविवारी वडिलांना आणि चौथीतल्या लेकीला घेऊन नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचंय. बापू ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, फार चालवत नाही. चापडगावच्या बाजूनं गेलो तर कमी चालून पक्षी दिसतील का? दुर्बीणही घ्यायची आहे. ८×४२ की १०×५०?

अजून एक. परवा सायखेड्याच्या पुलावरून जाताना नदीत वाळूवर दोन मोठी बदकं उभी होती. अंग विटकरी, डोकं फिकट. मला ती कुणाची पाळलेली वाटली. बापू म्हणाले, "अगं, चक्रवाक आहेत. लहानपणी थंडीच्या रात्री त्यांचा आवाज घरापर्यंत यायचा." खरं का हे?

कादवेकाठचा: ताई, बापूंचं बरोबर आहे. उडाले की पंखावरचा पांढरा भाग लख्ख दिसतो, त्यावरून खात्री करा. लडाख-तिबेटकडे कड्यांच्या कपारीत घरटी करतात आणि थंडीत आपल्याकडे उतरतात. जुन्या काव्यात रात्री जोडीची ताटातूट होते आणि दोघं दोन तीरांवरून साद घालतात. प्रत्यक्षात हे पक्षी रात्रीही चरत असतात, म्हणून आवाज येतो. तुमच्या बापूंनी तोच ऐकला असणार.

आता जाण्याचं. सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तेव्हा तिथं असा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागं शंभराहून जास्त वर्षं गाळ साचलाय. पाणी उथळ, पाणवनस्पती भरपूर, म्हणून तर बदकं इथं थांबतात. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते याच पाणथळीमुळे. चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत, पण बापूंना जिना चढायला लावू नका. घडीची खुर्ची न्या, काठावर बसवा.

लेकीला थापट्या बदकं दाखवा. फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतात, पाणी गाळून खातात. मुलांना त्यातच सगळ्यात मजा येते.

एक कळकळीचं सांगणं: उडताना फोटो हवा म्हणून कुणी टाळ्या वाजवत असेल तर थांबवा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला परतीसाठी अंगावर चरबी साठवायची असते. आणि अंधारात उसाच्या बांधानं जाऊ नका, आपल्या निफाडात बिबट्या आहे.

हळदीकुंकू: ८×४२ घ्या. दहापटीत हाताचा कंपही दहापट दिसतो, वयस्कर माणसाला चित्र स्थिर मिळत नाही. ५० मिलिमीटरची भिंगं गळ्यात जडही होतात.

गोदाकाठची: जाऊन आलो! आठपर्यंत नुसतं धुकं. बापू कानटोपी घालून खुर्चीत बसलेले, मला वाटलं उगाच आणलं त्यांना. मग धुकं विरलं आणि समोर वारकरीच वारकरी, म्हणजे ते काळे पाणपक्षी. लेक ८६ पर्यंत मोजून थकली. थापट्यांचा घोळका फिरताना दिसला तेव्हा तीही त्यांच्यासारखी गोल फिरायला लागली. जांभळी पाणकोंबडी तर अगदी काठाशी.

निघता निघता बापूंनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. "आँग... आँग..." आम्हाला काहीच दिसेना. थोड्या वेळानं कादवेच्या बाजूनं पाच चक्रवाक आले, पंखावर पांढरं लख्ख. बापूंनी दुर्बीण डोळ्याला लावलीच नाही, मान वर करून बघत राहिले.

फेब्रुवारीत पुन्हा नेतेय त्यांना. तेव्हा जोड्या दिसतील ना?