इस्पिकचा गुलाम उलटा धरला की तोंड फिरवतो! (गिम्प)

रंकाळ्याचा_पोरगा
मंडळी, मदत पाहिजे. आमच्या आजीचा पत्त्यांचा जुना कट आहे, बाबांच्या लहानपणापासूनचा. त्यातला इस्पिकचा गुलाम गेल्या गणपतीत हरवला. आरोप माझ्यावर आहे. तेव्हापासून मेंढीकोट बंद. नवा कट आणून दिला तर म्हणते, "ही गुळगुळीत पानं हातात ऱ्हात न्हाईत."

मग गिम्पमध्ये (चित्रं सुधारायचा प्रोग्रॅम) गुलाम करायला बसलो. किलवरचा गुलाम स्कॅन केला, चिन्हं बदलली, आजीला दाखवला. चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "ह्यो न्हवं. आपला एका डोळ्याचा हुता." नेटवर बघितलं तर खरंच की! इस्पिक आणि बदामचे गुलाम कडेला तोंड करून असतात, एकच डोळा दिसतो. इतकी वर्षं खेळतोय, कधी ध्यानातच आलं नाही.

परत सगळा काढला. वरचा अर्धा भाग कॉपी करून खाली व्हर्टिकल फ्लिप मारला. आता पत्ता फिरवून धरला की गुलाम दुसरीकडे बघतो. शिवाय जुना दिसावा म्हणून पिवळ्या कागदाचं टेक्श्चर मल्टिप्लायमध्ये, म्हणजे खालचं चित्र गडद करत मिसळेल असं, टाकलं. स्क्रीनवर नाद खुळा, पण प्रिंट आली ती शेणानं सारवल्यागत.

ऑफसेट_काका
बाळा, फ्लिप म्हणजे पाण्यातली सावली. तुला पाहिजे १८० अंशात रोटेट. मेनूत लेयर, ट्रान्सफॉर्म, रोटेट १८०, बस्स.

पत्ता मोजलास का? ५७ बाय ८९ मिमी असला तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ६७३ बाय १०५१ पिक्सेल. ६३ बाय ८८ असला तर ७४४ बाय १०३९. वर चारी बाजूंनी ३ मिमी जादा सोड, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ येणार.

टेक्श्चर प्रिंटच्या फाइलमधून काढूनच टाक आणि पिवळसर कागदावर छाप. जुनेपणा डागांत नसतो रे, छपाईत असतो. प्रत्येक रंग वेगळा छापला जायचा आणि थोडा सरकायचा. लाल लेयर (लाल रंगाचा थर) तीन पिक्सेल बाजूला घे, म्हणजे पाव मिलिमीटर. काळा पण एकदम काळा नको, तपकिरीकडे झुकू दे. त्यापुढे काही करू नकोस. तुम्ही पोरं इफेक्ट टाकताना थांबत नाही.

मीनल_गंगावेस
पुढची बाजू होईल हो, पाठीचं काय? ५१ पत्ते मळलेले आणि एक कोरा, म्हणजे गुलाम कुणाकडे आहे ते अख्ख्या घराला दिसणार. आमच्याकडे पत्ता हरवला की जोकरवर पेनानं लिहायचो, विषय संपला.

तेच जरा नीट कर. जुना कागदी पत्ता म्हणजे दोन कागद चिकटवलेले असतात. जोकरचा कोपरा ओलसर करून पुढचा कागद सोलून काढ आणि त्या जागी तुझा गुलाम पातळ कागदावर छापून खळीनं चिकटव. पाठ जुनीच राहील, जाडीही जवळपास तीच.

सावंतवाडीची_लेक
थोडं अवांतर. माझ्या माहेरच्या गंजिफात, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांत, गुलामच नाही. दशावतारी संचात १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, चित्रं फक्त राजा आणि वजीर यांची, आणि सगळं हातानं रंगवलेलं. तिथं एक पान हरवलं तर चितारीच गाठायचा, तुझं गिम्प काही कामाचं नाही.

रंकाळ्याचा_पोरगा
काका, रोटेटनं काम झालं. गुलाम दोन्हीकडून एकाच बाजूला बघतोय. रंगही जमला.

मीनलताई, कटात जोकर दोन होते. पहिला सोलताना मधोमध फाटला. दुसरा निघाला. आजीनं स्वतः खळ शिजवून दिली, वर "जास्त लावू नगंस, फुगंल" म्हणून बजावलं. आता पत्ता पाटाखाली आहे, पाटावर वरवंटा. उद्या दुपारपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे.

फाटलेला जोकर कुठं टाकलास, असं मगापासून तीनदा विचारून झालंय.