अडचणीतल्या एचबीसीयूला 25,000 डॉलर: नावाची शिष्यवृत्ती की विनाअट देणगी?

उंबरठा:
अमेरिकेतल्या एका लहान खासगी एचबीसीयूला, म्हणजे 1964 पूर्वी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या कॉलेजला, आमचा 14 जणांचा गट 25,000 डॉलर देणार आहे. आर्थिक कारणावरून मान्यता-मंडळाने (कॉलेजांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेने) कॉलेजला प्रोबेशनवर, म्हणजे मान्यता जाऊ शकते अशा इशाऱ्याखाली ठेवलंय. निम्मे म्हणतात नावाची शिष्यवृत्ती काढू, मूळ रक्कम कायम ठेवू, व्याजातून वाटू. बाकीचे म्हणतात सरळ चेक द्या. पैसे बुडतील ही धास्ती दोघांनाही आहे. काय तपासायचं आणि कसं द्यायचं?

ताळेबंद:
कायमनिधी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता फक्त व्याज खर्चायचा निधी, आत्ता अजिबात नको. 25,000 वर 4-5 टक्क्यांनी वर्षाला हजार-सव्वाहजार सुटतील, आणि कॉलेजला चणचण आहे ती पगारांची.

दुसरं कारण हिशेबातलं. केंद्रीय शिक्षण खातं खासगी कॉलेजांना उणे 1 ते 3 असा आर्थिक गुणांक देतं. 1.5 किंवा वर असेल तर प्रश्न नाही, 1 ते 1.5 मध्ये जादा देखरेख, त्याखाली बँकेचं हमीपत्र मागतात. ना-नफा कॉलेजांसाठी गुणांकात 40 टक्के वजन खर्चता येण्याजोग्या गंगाजळीचं, 40 टक्के एकूण मालमत्तेतल्या स्वतःच्या वाट्याचं, 20 टक्के वर्षाच्या शिलकीचं. कायमनिधी पहिल्यात धरतच नाहीत. शिलकीत फक्त विनाअट पैसा मोजतात. म्हणजे तीच रक्कम विनाअट दिलीत तर तिन्हीकडे जमा, कायमनिधीत घातलीत तर एकाच ठिकाणी.

वेळही बघा. बहुतेक कॉलेजांचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. त्याआधी हातात पडलेला पैसाच त्या वर्षाच्या लेखापरीक्षणात रोकड म्हणून दिसतो. ग्रीन्सबरोच्या बेनेट कॉलेज या खासगी एचबीसीयूची मान्यता काढण्याचा निर्णय डिसेंबर 2018 मध्ये झाला. 50 लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून त्यांनी दोनेक महिन्यांत 82 लाख जमवले, तरी फेब्रुवारी 2019 मध्ये अपील फेटाळलं गेलं. मंडळाला भक्कम, टिकाऊ आर्थिक पाया हवा होता. पुढे कोर्टकचेरी झाली आणि कॉलेज दुसऱ्या मान्यता-मंडळाकडे गेलं. शेवटच्या घटकेचा पूर वर्षानुवर्षांच्या तुटीची जागा घेत नाही.

जमाखर्च_12:
तपासणी एका संध्याकाळची आहे. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी करखात्याच्या, शोधपानावर करमुक्त संस्थेचं नाव नि ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक) जुळवा. कॉलेज आणि त्याच्यासाठी देणग्या गोळा करणारं फाउंडेशन यांचे ईआयएन पुष्कळदा वेगळे असतात. चेक फाउंडेशनच्या नावे गेला तर पैसा कॉलेजच्या तिजोरीत कधी जाईल ते त्यांच्या हाती. मग मागच्या तीन वर्षांचे 990 फॉर्म (ना-नफा संस्थांचं करखात्याला द्यायचं वार्षिक विवरण), आणि फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउस या सरकारी संग्रहातला लेखापरीक्षण अहवाल. त्यात 'संस्था पुढे चालू राहील का याबद्दल साशंकता' असा परिच्छेद आहे का, तेवढं आधी शोधा.

शिक्षण खात्याच्या रोख-देखरेखीच्या यादीत कॉलेज दुसऱ्या पातळीवर असेल तर समजून घ्या: विद्यार्थ्यांची केंद्रीय मदत आधी स्वतःच्या खिशातून द्यायची, कागदपत्रं पाठवायची, मग परतफेड. अशा ठिकाणी ताळेबंद बरा दिसूनही पगाराला रोकड नसते.

दुसरीबाजू:
शिष्यवृत्तीला सरसकट नको म्हणणं पटत नाही. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं केंद्राचं अनुदान, 2024-25 ला कमाल 7,395 डॉलर होती. ती नि कर्ज धरूनही काही मुलांची शेवटची काहीशे डॉलरची बाकी राहते, पुढच्या सत्राची नोंदणी अडते, मुलगा गळतो, आणि कॉलेजची अख्खी फी जाते. 2011 मध्ये प्लस कर्जाची (मुलांच्या शिक्षणासाठी पालक घेतात त्या केंद्रीय कर्जाची) पतपात्रता कडक केली तेव्हा एचबीसीयूंना पटसंख्येचा फटका बसला, तो याच मार्गाने. म्हणून 'थकबाकी भागवण्यासाठी, चालू वर्षातच खर्चायची' अशी देणगी चालेल. त्यातून विद्यार्थी टिकतो आणि पैसा फी म्हणून कॉलेजकडेच येतो. फक्त एकूण मदत शिक्षणखर्चाच्या मर्यादेवर गेली तर आर्थिक मदत कार्यालयाला दुसरी मदत कापावी लागते. मुलं निवडण्याचं काम त्यांच्यावरच सोडा.

उंबरठा:
मग 15,000 विनाअट, 10,000 थकबाकीसाठी? आणि तीन वर्षांत हप्त्यांनी दिले तर?

ताळेबंद:
वाटणी ठीक. हप्ते मात्र नकोत: पुढच्या वर्षांची वचनं हिशेबात मुदतबंद म्हणून बसतात, रोकड येत नाही. पत्रात एकच वाक्य: 'ही रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी, कोणत्याही अटीविना'. पत्रात एखादा हेतू लिहिलात की देणगी लगेच बंधनात जाते. दुसऱ्या चेकसोबत वेगळं पत्र. 250 डॉलर वा जास्त देणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या नावाची लेखी पोच मागा, नाहीतर करातली वजावट अडेल. म्हणून 14 जणांनी स्वतंत्र दिलेलं बरं. नोकरीच्या कंपनीकडून जोडदेणगी (तुमच्या देणगीला जोडून कंपनी देते ती रक्कम) मिळत असेल तर अर्ज आधीच करा.

बुडण्याबद्दल: कॉलेज बंद पडलं तरी दिलेली देणगी सहसा परत येत नाही, कायमनिधीतलीसुद्धा. ती कोर्टाच्या देखरेखीखाली मिळत्याजुळत्या हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे वळवली जाऊ शकते.

जमाखर्च_12:
एक पुरवणी. कॉलेज सरकारी असतं तर रक्कम याच पद्धतीने दिली असतीत, पण खरा जोर राज्याच्या विधिमंडळावर लावायला सांगितला असता. 2023 मध्ये केंद्राने 16 राज्यपालांना पत्रं लिहिली ती 1890 च्या (जमीन-अनुदान कॉलेजांच्या) कायद्याखालच्या एचबीसीयूंना राज्यांनी न दिलेल्या पैशांबद्दलच. खासगीला ती वाट नाही.