पुष्पकचा वाकडा पंख आणि न टिकणारे स्ट्रट

पुष्पक या हलक्या भारतीय विमानाचं मॉडेल बनवताना रेझिन किटमधला पंख वाकडा निघाला आणि प्लास्टिक सिमेंटने स्ट्रट (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरप्या दांड्या) चिकटत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ते चिकटणारच नाहीत; ते सिमेंट पॉलिस्टायरीन (नेहमीच्या किटचं प्लास्टिक) विरघळवून जोडतं, रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. इथे फेविक्विक किंवा दोन भागांचं इपॉक्सीच हवं. तेही नुसतं टेकवून भागत नाही. खऱ्या पुष्पकचा पंखविस्तार ३६ फूट, म्हणजे १/४८ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये ९ इंच, आणि भरीव रेझिन चांगलंच जड. मी सांगलीत मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याच्या तारेचे तुकडे आणतो, स्ट्रटच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून त्यांची पिन बसवतो. मग हलत नाही.

पंख कडकडीत गरम पाण्यात मिनिटभर धरा, सपाट काचेवर दाबून सरळ करा, लगेच गार पाण्यात. त्याआधी सगळे भाग साबणाने धुवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

आणि कृपा करून घासताना पॉलिश पेपर ओलाच ठेवा, मास्क लावा. रेझिनची ती धूळ फुप्फुसात जाते. घरात लहान मुलं असतील तर हे काम गच्चीवरच करा.

मूळ विमान कापडाने मढवलेलं होतं, त्यामुळे पंखावर कापडाखालून उठून दिसणाऱ्या बरगड्यांच्या रेषा घासून सपाट करू नका. पुष्पकचं रूप त्यातच आहे.