मदत हवी आहे: हनोईत एकच दिवस, पूर्ण पायी, क्रम कसा लावावा?

दगडवाट (शनिवार, रात्री ८.४०)

नमस्कार. मी सध्या व्हिएतनामच्या उत्तरेला सापा येथे आहे. परवा पहाटे रेल्वेने हनोईत उतरेन आणि त्याच रात्री परतीचे विमान आहे. हनोईसाठी हाती एवढा एकच दिवस असून तो मला संपूर्ण पायी घालवायचा आहे, कारण गेले दहा दिवस बस आणि दुचाकी यांवर बसून कंबर पार आखडली आहे. हो ची मिन्ह यांची समाधी, साहित्य मंदिर, लाँग बिएन पूल, जुनी वस्ती आणि होआन किएम तळे ही पाच ठिकाणे ठरली आहेत. नकाशावर पाहिले तर सगळे सात-आठ किलोमीटरांत बसते, पण कोठून सुरुवात करून कोठे संपवावे हे काही केल्या जुळत नाही. येथील इंटरनेट सारखे जाते, त्यामुळे ‘आधी शोधून पाहा’ असे कृपया कोणी लिहू नये. शक्यतो आजच उत्तर मिळाले तर उपकार होतील.

शुभदा_नाशिक (शनिवार, रात्री ९.०५)

रेल्वे किती वाजता पोहोचते, विमान नेमके किती वाजता आहे आणि पाठीवरची पिशवी दिवसभर कोठे राहणार आहे, या तिन्ही गोष्टी आपण लिहिलेल्या नाहीत. त्या कळल्याशिवाय क्रम सांगणे म्हणजे हवेत पत्ते रचण्यासारखे आहे.

दगडवाट (शनिवार, रात्री ९.२०)

रेल्वे साडेपाचच्या सुमारास, विमान रात्री साडेनऊला. पिशवी पाठीवरच असेल, बारा किलो आहे, सवय आहे. आता क्रम सांगा.

जुना_वाटाड्या (शनिवार, रात्री ९.४८)

मी २०१८ मध्ये हेच सर्व पायी पाहिले आहे, त्यामुळे अधिकाराने सांगतो. रेल्वे स्थानकापासून साहित्य मंदिर जेमतेम एक किलोमीटरवर आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करावी. १०७० साली राजा ली थान तोंग याने कन्फ्यूशियसच्या नावाने हे मंदिर उभारले आणि १०७६ मध्ये त्याच आवारात देशातील पहिले विद्यापीठ म्हणता येईल अशी राजविद्यालयाची स्थापना झाली. तिसऱ्या चौकात दगडी कासवांच्या पाठींवर उभे केलेले ८२ शिलालेख आहेत, त्यांवर १४४२ ते १७७९ या काळात राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोरलेली आहेत. परीक्षेला जाणारी मुले कासवांची डोकी इतकी कुरवाळत असत की दगड झिजू लागला आणि अखेर तेथे कठडा घालावा लागला. येथून समाधी, तेथून जुनी वस्ती, मग पूल आणि शेवटी तळे असा क्रम ठेवावा. पूल चुकवू नये, कारण तो पॅरिसच्या मनोऱ्याच्या आयफेल यांनी बांधलेला आहे.

हनोईकर (शनिवार, रात्री १०.३०)

नोकरीच्या निमित्ताने चार वर्षे याच शहरात राहतो आहे, म्हणून वाटाड्याकाकांची क्षमा मागून तीन दुरुस्त्या करतो.

पहिली: साहित्य मंदिराचे दार सकाळी आठच्या आगेमागे उघडते. साडेपाचला तेथे गेल्यास धागाकर्त्यांना बाहेरच्या भिंतीचे दर्शन तेवढे होईल.

दुसरी: लाँग बिएन पुलाशी आयफेल यांचा संबंध नाही. हा पूल १८९९ ते १९०२ या काळात पॅरिसच्या दायदे आणि पिये या कंपनीने बांधला आणि त्याला फ्रेंच गव्हर्नर-जनरल पॉल दूमेर यांचे नाव दिले होते.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: आज शनिवार आहे, म्हणजे ‘परवा’ हा सोमवार होतो. समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, आणि इतर दिवशीही ती फक्त सकाळीच उघडी असते. पाचपैकी एका ठिकाणावर आपण बहुधा आत्ताच काट मारलेली बरी.

दगडवाट (शनिवार, रात्री १०.४१)

सोमवार ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. सापामध्ये वार कळत नाहीत. मग समाधी मंगळवारी पाहण्याची काही युक्ती आहे का?

हनोईकर (शनिवार, रात्री १०.४४)

सोमवारी रात्री साडेनऊच्या विमानाने परतणाऱ्या माणसासाठी नाही.

प्रभाकर_डोंबिवली (शनिवार, रात्री ११.१५)

हो ची मिन्ह येथेच जात असाल तर कू चीची भुयारे अवश्य पाहावीत. युद्धकाळात त्यांचे जाळे दोनशे किलोमीटरांहून लांब पसरले होते, आणि आत रांगताना रुंद बांध्याच्या माणसाचे खांदे दोन्ही बाजूंना घासतात. आम्ही अर्ध्या दिवसाची सहल घेतली होती. शेवटी उकडलेला कसावा आणि दाण्याचे कूट देतात, ते उपवासाला चालेल असे आमच्या सौ. म्हणाल्या.

शुभदा_नाशिक (शनिवार, रात्री ११.२२)

प्रभाकरराव, ते हो ची मिन्ह नावाचे शहर दक्षिणेला आहे आणि हनोईपासून रेल्वेने १,७०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. धागाकर्ते समाधीविषयी विचारत आहेत आणि ती हनोईतच आहे.

प्रभाकर_डोंबिवली (शनिवार, रात्री ११.३०)

अच्छा. तरीही पुढच्या वेळेसाठी भुयारे लक्षात ठेवावीत.

जुना_वाटाड्या (रविवार, सकाळी ७.१०)

आयफेल यांच्याविषयी आमच्या वाटाड्याने पुलावर उभे राहून स्पष्ट सांगितले होते आणि अनेक प्रवासवर्णनांतही तसाच उल्लेख आढळतो, तेव्हा चार वर्षांच्या वास्तव्याने इतिहास बदलत नाही. समाधीबाबतची सूचना मात्र योग्य आहे, ती मी मान्य करतो.

अनघा_म (रविवार, सकाळी ८.००)

मला पुलापेक्षा पिशवीची काळजी वाटते. मी मागच्या वर्षी एकटीने हनोईत पायी फिरले, तेव्हा पाठीवर चारच किलो होते आणि तरीही दुपारपर्यंत खांदे भरून आले. शिवाय जुन्या वस्तीत पदपथ असला तरी तो चालण्यासाठी नाही: त्यावर दुचाक्या उभ्या असतात, उरलेल्या जागेत वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुले मांडून लोक जेवत असतात आणि पादचाऱ्याला रस्त्यावर उतरूनच चालावे लागते. अशा ठिकाणी मोठी पिशवी घेऊन वळताना कोणाचा तरी सुपाचा वाडगा हमखास लवंडतो. माझा आग्रहाचा सल्ला असा की तळ्याजवळच्या एखाद्या वसतिगृहात एका रात्रीची खाट आरक्षित करावी. खाट दुपारी मिळाली तरी पिशवी सकाळपासून ठेवून घेतात आणि विमानापूर्वी अंघोळ करता येते.

आपण शाकाहारी आहात का, हेही लिहावे. बरेच अवलंबून आहे.

दगडवाट (रविवार, सकाळी १०.१५)

शाकाहारी आहे, अंडे चालते. हे महत्त्वाचे असेल असे वाटले नव्हते, कारण मी रस्ता विचारत होतो. खाटेची कल्पना चांगली आहे, आत्ताच आरक्षित करतो. परंतु क्रम अजूनही कोणी सांगितलेला नाही!

हनोईकर (रविवार, सकाळी ११.४०)

आता सर्व माहिती हाती आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्थानकावरून सरळ होआन किएम तळ्याकडे चालत यावे. अंतर दोन किलोमीटरांच्या आत आहे आणि पहाटेचे तळे हे दिवसा दिसते त्याहून निराळेच ठिकाण असते. काठाने आजी-आजोबा हातपंख्यांसह व्यायाम करत असतात, कोठे तरी कर्ण्यावर गाणे लावून नृत्याचा वर्ग चाललेला असतो आणि पाण्यातला कासव-मनोरा धुक्यात असतो. शनिवार-रविवारी तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. आपण सोमवारी येत असल्याने ते सुख मिळणार नाही. पिशवी वसतिगृहात टाकावी, नाश्ता करावा आणि आठपर्यंत साहित्य मंदिर गाठावे.

तेथून उत्तरेला दिएन बिएन फू मार्गाने १८१२ मध्ये पूर्ण झालेला ध्वजस्तंभ पाहत बा दिन्ह चौकात जावे. समाधी बंद असली तरी ज्या चौकात २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली तो पाहता येतो. त्यांची स्वतःची इच्छा दहनाची होती, समाधीची नव्हे, असे सांगून मी आमच्या पाहुण्यांचे समाधान करतो, आपलेही व्हावे.

यानंतर बहुतेक लोक आल्या वाटेने परततात आणि तेथेच चूक करतात. आपण आणखी उत्तरेला पश्चिम तळ्यावरच्या त्रान क्वोक पॅगोड्यापर्यंत जाऊन फान दिन फुंग या रस्त्याने पूर्वेला वळावे. शहरात चालण्यासाठी याहून चांगला रस्ता मला ठाऊक नाही: जुनी मोठी झाडे, रुंद पदपथ आणि उजव्या हाताला जुन्या किल्ल्याचा उत्तर दरवाजा. त्याच्या विटांत तोफगोळ्यांनी पडलेले दोन खड्डे आजही तसेच ठेवलेले आहेत आणि बाजूच्या पाटीवर २५ एप्रिल १८८२ ही फ्रेंचांच्या हल्ल्याची तारीख आहे. रस्ता संपतो तेथे पाण्याची जुनी गोल टाकी लागते आणि तेथून पूल हाकेच्या अंतरावर आहे. पूल पाहून डोंग स्वान बाजारातून जुन्या वस्तीत शिरावे आणि दक्षिणेला चालत पुन्हा तळ्यावर यावे. एकूण बारा किलोमीटरांच्या आसपास होईल. सात-आठ हा नकाशाचा भ्रम आहे.

पाचच्या आत चालणे थांबवावे, कारण नोई बाई विमानतळ पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे आणि संध्याकाळी रस्ते तुंबतात. ८६ क्रमांकाची बस स्वस्त पडते.

अनघा_म (रविवार, दुपारी १२.३०)

मार्ग उत्तम आहे, फक्त रस्ता कसा ओलांडायचा ते राहिले. दुचाक्यांच्या लोंढ्यात एकाच संथ गतीने, न थांबता चालत राहावे. चालक आपल्या गतीचा अंदाज बांधून वळसा घालतात. मध्येच दचकून मागे पाऊल टाकले की त्यांचा अंदाज चुकतो. बस आणि मोटार यांच्याबाबत मात्र हा विश्वास टाकू नये.

जेवणासाठी एकच शब्द पाठ करावा: ‘चाय’. तेथे त्याचा अर्थ शाकाहारी असा होतो, आणि चहाला उत्तरेत ‘चा’ म्हणतात. एका ‘य’वर आपले दुपारचे जेवण अवलंबून आहे, तेव्हा उच्चार सांभाळावा. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास भाजी येते, पण ती माशांपासून केलेल्या ‘नुओक माम’मध्ये परतलेली असते. अंडे चालत असल्याने अंड्याची कॉफी जरूर प्यावी.

जुना_वाटाड्या (रविवार, दुपारी १.०५)

उत्तर दरवाजाचा रस्ता मी पाहिला नव्हता, हे कबूल करतो. पण पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ कोणीच कसा सुचवला नाही, याचे आश्चर्य वाटते. हनोईला जाऊन तो न पाहणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच परतणे होय.

शुभदा_नाशिक (रविवार, दुपारी १.२०)

काका, पाचच्या आत निघायचे आहे. आणि ते पायी फिरणार आहेत, खुर्चीत बसणार नाहीत.

दगडवाट (मंगळवार, सकाळी ११.००)

सुखरूप मुंबईत पोहोचलो. सर्वांचे आभार. पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

हनोईकर यांचा मार्ग जसाच्या तसा चाललो, घड्याळात साडेतेरा किलोमीटर भरले. वरचा दीड किलोमीटर जुन्या वस्तीत हरवण्याचा. तेथे ‘हांग’ म्हणजे माल आणि त्यापुढे त्या मालाचे नाव अशी बऱ्याच रस्त्यांची नावे आहेत, आपल्याकडच्या तांबट आळीसारखी. फरक इतकाच की काही गल्ल्यांत नाव एक आणि विक्री भलतीच. हांग मा रस्त्यावर मात्र अजूनही पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तू विकतात. एका दुकानात कागदाचा सदरा, कागदाचे बूट आणि कागदाचा मोबाईल एकाच खोक्यात मांडलेला पाहून मी बराच वेळ थांबलो.

रस्ता ओलांडण्याचा पहिला प्रयत्न फसला. तीन पावले गेलो आणि परत आलो. दुसऱ्या वेळी भाजीच्या पाट्या कावडीला लावून निघालेल्या एका बाईंच्या सावलीत चालत पार झालो. त्यांनी वाहनांकडे पाहिलेसुद्धा नाही.

दोन चुका झाल्या. तळ्याजवळ एका माणसाने न विचारता माझ्या बुटाला गोंद लावायला सुरुवात केली आणि नंतर भरमसाट पैसे मागितले. थोडे देऊन सुटलो. बूट शिवलेला होता. दुसरी अशी की वीस हजार डोंगांची (तेथील चलन) नोट आणि पाच लाखांची नोट या दोन्ही निळ्या आहेत, दोन्हींवर हो ची मिन्ह आहेत. दुपारच्या उन्हात एका उसाच्या रसवाल्या बाईंना मी पाच लाखांची दिली. त्यांनी नोट उलटसुलट केली, माझ्याकडे पाहिले, पाकिटातून स्वतःच बोटाने वीस हजारांची काढून घेतली आणि मोठी परत आत सारली. कोणी हे आधी का सांगितले नाही, असे विचारणार होतो, पण मीही बरेच काही सांगितले नव्हते.

अंड्याची कॉफी गरम पाण्याच्या वाडग्यात पेला ठेवून देतात, म्हणजे ती निवत नाही. वरचा फेस चमच्याने खावा लागतो.

पुलावर जवळपास मधोमध जाऊन परत फिरलो. मध्ये रेल्वे, दोन्ही कडांना दुचाक्या आणि पादचारी. देशभर वाहने उजवीकडून चालतात, या एका पुलावर मात्र डावीकडून, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. परतताना शहराच्या टोकाला लोखंडात बसवलेली एक पाटी दिसली, तिचा फोटो जोडला आहे. गंज चढला आहे, पण मोठा करून पाहिल्यास ‘१८९९–१९०२, दायदे आणि पिये, पॅरिस’ हा मजकूर वाचता येतो.

जुना_वाटाड्या (मंगळवार, दुपारी १२.१०)

फोटो मोठा करून पाहिला. आमच्या वाटाड्याने त्या पाटीसमोर उभे राहूनच आयफेल यांचे नाव घेतले होते आणि आम्ही बाराजण माना डोलावत होतो. हनोईकर, आपला मुद्दा मान्य.

बाहुल्यांचा खेळ तेवढा राहिला.